नाव असलेला तुकडा

टाऊनशिप, भोपाळ
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. मंगला हिस,

तुझ्या वहिनीचे आशीर्वाद. श्रीकांतरावांना नमस्कार सांग. आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

पुढचं वाचायच्या आधी उठ आणि मी दिलेल्या त्या गोळ्या काढ. नको, तू उठू नकोस, पायावर जोर येईल. हे पत्र घेऊन आलेल्या दादाला कुठे ठेवल्यात ते सांग, तो काढेल. सगळ्या त्याला दे. पर्समध्ये एखादी सुटी असली तर तीही. घरी आलेय, आता सोमवारपासून परत सुरू करते, असं तू गुरुवारी त्याला म्हणालीस. करायच्या नाहीत. अंगाची आग झाली तर मानेवर ओला टॉवेल टाक, पंखा लाव, मला शिव्या दे. पण गोळी घ्यायची नाही.

दिल्यास? आता वाच.

तुझा दादा पुढच्या महिन्यात रिटायर होतो, म्हणून क्वार्टर रिकामं करणं चाललंय. बाग सेवनियाच्या नव्या घराला खिडक्या बसल्या, नळ अजून नाही. इथे तेवीस वर्षांचं सामान. कबाडीवाला दोनदा येऊन तसाच गेला, कारण तुझ्या दादाला सगळंच पाहिजे. मोडका टेबलफॅनसुद्धा. म्हणे, "चालेल तो." मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे चालता?" तेव्हापासून फुगून बसलाय.

परवा गॅसच्या वरच्या फळीवरचा माझा डबा खाली काढला. बिस्किटांचा, औषधं ठेवते तो. तुला माहीतच आहे. कारखान्याच्या दवाखान्यात औषध फुकट, डॉक्टर महिन्याचं लिहून देतात आणि आपण आठ दिवसांत उठून कामाला लागतो. उरलेलं परत जमा करा अशी पाटी आहे खिडकीवर. पण कोण करतं? परत केलं तर पुढच्या वेळी कमी लिहितील. म्हणून इथे घरोघरी डबा. माझा सगळ्यात मोठा, आणि मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू. चौथी शिकलेली बाई मी, पण दारात बायका उभ्या राहायच्या. "सुमित्राबाई, पोट दुखतंय, काही आहे का?" असायचंच.

माझी पिशवी काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. मी कधी घ्यायची, कधी विसरायची. मग त्यांनी कमी ताकदीच्या लिहिल्या आणि जुन्या स्ट्रिपा डब्यात पडून राहिल्या. राखीला तू आलीस ती घामाने निथळत. म्हणालीस, "वहिनी, रात्र-रात्र झोप नाही. आमच्या मंडीदीपच्या कंपनीत कुठला दवाखाना आणि कुठलं काय." मी डबा उघडला. तू विचारलंस, "आधी डॉक्टरला विचारू का?" मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. "डॉक्टर काय वेगळं सांगणार आहे? घे मुकाट्याने, नाहीतर फेकायच्याच आहेत."

कात्रीने प्रत्येक स्ट्रिप मधून कापली. अर्ध्या तुला, अर्ध्या मला, उगाच कधी लागल्या तर. औषधाचं नाव आणि तारीख माझ्या अर्ध्यावर राहिली. तुझ्याकडे नुसत्या गोळ्या गेल्या.

दोन महिने झाले नाहीत आणि तुझा पाय सुजून खांबासारखा झाला. मग छातीत दुखायला लागलं, श्वास लागला. दिवाळीत तू दवाखान्यात. भाऊबीजेला दादाला ओवाळलंस ते पलंगावर बसून, आणि ताट तुला पेलेना. मी ताट धरायला पुढे झाले तर म्हणालीस, "वहिनी, तुम्ही किती करता माझ्यासाठी." मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले. नळाजवळ उभी राहिले. पाणी आणलंच नाही.

मंगला, आता जे लिहिते ते तुझ्या दादालाही माहीत नाही. गोळ्यांचं त्याला सांगितलं, हे नाही.

तुला भरती केलं त्या दिवशी तुझ्या तोंडाला ऑक्सिजन लावलेला होता. तो तरुण डॉक्टर घाईत होता. त्याने विचारलं, "ये पहले से कोई गोली-वोली लेती थीं?" श्रीकांतरावांनी माझ्याकडे पाहिलं, कारण औषधातलं मला कळतं असं सगळ्यांना वाटतं. मी म्हटलं, "नहीं. कुछ नहीं लेतीं."

असं पटकन म्हटलं मी. त्याने लिहून घेतलं आणि पुढच्या पलंगाकडे गेला.

घरी येऊन मनाशी म्हटलं, दादाचं फुकट औषधाचं मेडिकल बुक जप्त झालं असतं, रिटायर व्हायच्या तोंडावर नसती चौकशी लागली असती. ते कारण नव्हतं. श्रीकांतरावांसमोर माझा डबा उघडा पडला असता, हे होतं.

अजून एक. तुझ्या विश्वासच्या बाळंतपणात, तुमच्या शिवाजी नगरच्या घरी, तुझ्या याच पायात रक्त गोठलं होतं. उशीवर पाय ठेवून दीड महिना तुझं सगळं मी केलं. आणि मला या गोळ्या लिहिताना डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, "पाँव में कभी खून जमा था?" राखीला तुला गोळ्या देताना तो प्रश्न मला आठवला होता. वाटलं, वीस वर्षं झाली त्याला, आता काय होतंय. तोंडातून काढला नाही.

काल आधी तो डबा संडासात ओतणार होते. मग बंद केला आणि तसाच डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन ठेवला. सगळं सांगितलं. त्या ओरडल्या. म्हणाल्या, औषध गॅसजवळ ठेवायचं नाही, गरमीने खराब होतं. संडासात, नाल्यात टाकायचं नाही, पाण्यात मिसळतं. उघड्या कचऱ्यात टाकलं तर गाई खातात. उरलेलं खिडकीवर जमा करायचं, आणि ते नाहीच जमलं तर गोळ्या चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीला गाठ मारून टाकायच्या. आणि एकाच्या दुसऱ्याला कधीही द्यायच्या नाहीत. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांना वाटलं असेल, बाईला औषध टाकायची रीत माहीत नाही. मी टाकणार होते ते कुणाला दिसू नये म्हणून.

तुझ्याबद्दल त्या म्हणाल्या, "आज ही बंद कराओ, और उसके डॉक्टर को बताओ." म्हणून तू गोळ्या फेकू नकोस. दादाबरोबर तुझ्या डॉक्टरांकडे पाठव. त्यांनी बघितल्यावर मी जमा करीन. पाकिटात माझ्याकडचा अर्धा तुकडा ठेवलाय, नाव असलेला. तोही दाखव आणि हे पत्रही. त्यांना मराठी येत नसेल तर श्रीकांतराव वाचून सांगतील. सांगू देत.

मी स्वतः आले नाही, कारण मला माझं तोंड माहीत आहे. समोर आले असते तर तुझ्यावरच खेकसले असते, की तू घेतल्यासच कशाला. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर तेही बरोबरच आहे.

हा कागद डॉक्टरांच्या हातात जायचाय, म्हणून खाली 'तुझी वहिनी' असं लिहीत नाही. तसं लिहिलं तर कोण ते त्यांना कळायचं नाही.

गोळ्या मी दिल्या. विचारल्यावर नाही म्हटलं, तेही मीच.

सौ. सुमित्रा देवतळे