वरच्या खोलीपर्यंतची तार

३ नोव्हेंबर, सोमवार
निर्णय झाला. घरजावई हा शब्द लवकरच माझ्यापुरता रद्द. सासरेबुवा माणूस लाखातला, पण खालून "जावईबापू, चहा!" अशी हाक आली की जावंच लागतं. चहाबरोबर त्यांच्या नोकरीतल्या बदलीची गोष्ट. बदली एकच, गोष्ट रोज. जीव गुदमरतो.

हिला म्हटलं, वेगळं घर घेऊ. ही म्हणाली, आधी आठवडाभर वरच्या खोलीत आपला चहा-नाश्ता स्वतः करून दाखव, खालची मदत न घेता. मग खुशाल घर बघू. किरकोळ अट. मी विज्ञान शिकवतो, हे ही विसरते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
माळ्यावर जुनी इलेक्ट्रिक शेगडी सापडली. शेगडीला चालेल असा मोठा प्लगपॉइंट मात्र खाली स्वयंपाकघरात. क्षुल्लक अडचण. शाळेच्या लॅबमधून इलेक्ट्रिक बेलची उरलेली तार आणली. बारीक, नाजूक, खिडकीतून वर घेतली तर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. शिवाय लांबच लांब. उरलेली कापली नाही, नव्या घरी लागेल. एक टोक प्लगला, एक शेगडीला, मधलं भेंडोळं गादीखाली सरकवलं. दूरदृष्टी!

५ नोव्हेंबर, बुधवार
आज वर्गात प्रॅक्टिकल: तारेच्या मापांचा रेझिस्टन्सवर परिणाम. तार दुप्पट लांब, रेझिस्टन्स दुप्पट. तार जाड, रेझिस्टन्स कमी. वीज अडते तिथे तार तापते, हेही समजावलं. एका मुलीने विचारलं, सर, याचा घरी काय उपयोग? म्हटलं, घरी नाही, परीक्षेत.

संध्याकाळी शेगडी लावली. अर्ध्या तासाने पाणी कोमट. शेगडी जुनी, दुसरं काय. कोमट चहा पचायला हलका, असं हिला सांगितलं. हिने कप कुंडीत ओतला.

६ नोव्हेंबर, गुरुवार. पहाट
शेगडीला वेळ लागतो, म्हणून उठल्याबरोबर चालू केली आणि परत आडवा झालो. गादी काय ऊबदार झालीय! पूर्वेची खोली, उन्हाचा गुण. ही म्हणाली, ऊन अजून यायचंय. हिला शंका फार.

संध्याकाळ
सासरेबुवा जिना चढून आले. विचारलं, हल्ली चहाला येत नाही, रागावलात का? म्हटलं, छे, जरा पोट बिघडलंय. ते खाली जाऊन गरम दूध घेऊन आले. हे मदतीत धरायचं का? नाही धरलं. पिऊन टाकलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
अंडी उकडायची होती. सकाळभर शेगडी चालू. अंडी कच्ची, पण गादीतून धूर. सासरेबुवा बादली घेऊन धापा टाकत वर आले. प्लग आधीच काढून आले होते, मला ते सुचलंही नव्हतं. गादी विझवली, आणि पहिला प्रश्न, हात भाजला नाही ना?

हिने काठीने भेंडोळं बाहेर ओढलं. प्लास्टिकचा लगदा. म्हणाली, लांब आणि बारीक तार म्हणजे रेझिस्टन्स जास्त, हे परवा जर्नल तपासताना तूच घोकत होतास ना? मी म्हटलं, ती प्रयोगातली नायक्रोमची तार होती, ही साधी तांब्याची.

हिने तो लगदा काठीनेच मुलांच्या जर्नलांच्या गठ्ठ्यावर ठेवला. मग मात्र खरंच लाज वाटली.

१० नोव्हेंबर, सोमवार
सासरेबुवांनी शेगडीला हौसेने नवी तार बसवून आणली. जाड आणि आखूड, अगदी शास्त्रशुद्ध. पाणी बघता बघता उकळतं. फक्त ती प्लगपासून ओट्यापर्यंतच पुरते, तेव्हा शेगडी खाली, त्यांच्या चहाच्या भांड्याशेजारी. वरची खोली रंग देईपर्यंत बंद. रंग कधी, ते ठरलेलं नाही. आमच्या सतरंज्या त्यांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाला लागून.

घराचा विषय मी काढला नाही. हिनेही काढला नाही.

सहा वाजले. जावईबापू, चहा. आता त्यांना आवाजही चढवावा लागत नाही.