आठ फोटोंचा समुद्र

३ डिसेंबर १९३७. जालना.
निश्चय झाला. परवा सगुणाआत्याबरोबर मुंबईस जाणे, तेथून आगबोटीने द्वारकेस. जाऊन येऊन आठ दिवस, कारण बोट प्रत्येक बंदरात माल चढवीत जाते. भालचंद्रदादाने मुंबईहून कॅमेरा पाठविला आहे. एका रोलवर आठ फोटो, म्हणजे दररोज समुद्राचा एक. ते दाखवून दादा बाबांची खात्री पटविणार की मुलगी परक्या ठिकाणी एकटी वावरू शकते, आणि येत्या जूनमध्ये मला मुंबईच्या कॉलेजात घालणार. न जमल्यास जालना आहेच, शिवाय हसनाबादचे स्थळही आहे.
बाबा म्हणाले, मॅट्रिकला पहिली आली ते बराबर, पण पाहुण्यांपुढं पाण्याचा तांब्या ठेवून पळून जाती, ती मुंबईत कशी निभावंल? उत्तर देण्याचे मनात आले होते. आता कॅमेराच देईल.
कॅमेऱ्याचे माहितीपत्रक सात वेळा वाचले. समुद्र पाहिलेला नाही, परंतु भूगोलात पैकीच्या पैकी गुण आहेत.

७ डिसेंबर. आगबोटीवर. सकाळी ९.
बायकांची खोली डेकच्या खाली. गोल खिडकी एक, बायका चौदा. समुद्राच्या फोटोसाठी वर जावे लागते. जिन्याच्या पाच पायऱ्या चढून पाहिले. वर पुष्कळ पुरुष उभे होते. प्रकाश योग्य नव्हता. परतले.

दुपारी ४.
पहिला फोटो काढला. समुद्राचा नव्हे. आत्याने घरचा खंडोबाचा टाक बरोबर आणला आहे. नव्या यंत्रानं आधी देवाचंच काम करावं, असे ती म्हणाली. मी नकाराचे एक सुबक वाक्य जुळवीत होते: आपल्या श्रद्धेविषयी मला नितांत आदर असला, तरीही... 'तरीही'च्या पुढचे शब्द सुचेपर्यंत आत्याने जिन्याच्या उजेडात टाक मांडून हळदकुंकूसुद्धा वाहिले होते. सात फोटो शिल्लक. समुद्राच्या मानाने सात पुष्कळ झाले.

८ डिसेंबर.
आमच्या खोलीत पिंपळगाव रेणुकाईच्या चतुराबाई आहेत. त्यांचे यजमान पुंजाराम वर डेकवर असतात. आज त्यांनी विचारले, हे यंत्र आमाला बी धरतंय का? दररोजचा एक फोटो समुद्रासाठी राखून ठेवलेला असल्याकारणाने, असा मी आरंभ केला. त्या म्हणाल्या, समिंदर काय, उद्याबी हितंच हाय. माझंच काय खरं न्हाई, पहाटंपासून पोटात ढवळून राह्यलंय. एवढे बोलून त्या नथ घालून ट्रंकेवर बसल्याही. फोटोत बाजूला फुलदाणी लागते, म्हणून तांब्यात विड्याची पाने खोचून ठेवली. फोटोच्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले.
उद्यापासून बिलकुल कोणाचे ऐकणार नाही.

९ डिसेंबर.
आमच्याच खोलीतल्या गोजरबाई. वय सत्तर. म्हणाल्या, माझ्यामागं पोरं हार कशाला घालतील? फोटोच न्हाई. याला नकार द्यावयास किमान दोन वाक्ये लागली असती.

१० डिसेंबर. द्वारका.
दर्शन उत्तम झाले. नंतर आत्याने समुद्राची ओटी भरावयाचे काढले. एवढं पाणी जन्मात पहिल्यांदाच दिसलं, ओटी न भरता जायचं का? खण, नारळ, तांदूळ. मी कॅमेरा सज्ज केला, कारण आज समुद्र टळणे अशक्यच होते. कॅमेरा पाहताच खोलीतल्या सगळ्या बायका समुद्राच्या पुढ्यात ओळीने उभ्या राहिल्या. जरा बाजूला होण्यास सांगणार होते, परंतु आरंभ 'कृपया'ने करावा की 'आपण'ने, हे ठरेना. मागे समुद्र होता. आवाज येत होता.

११ डिसेंबर. परतीची बोट.
गोजरबाईंची बहीण.

१२ डिसेंबर.
युक्ती सुचली. खिडकीतूनच समुद्र घ्यावा. वर जाणे नको, कोणाशी बोलणे नको. ट्रंकेवर चढले. खिडकीत आत्याचे सोवळ्याचे लुगडे वाळत घातलेले. पारोशाने शिवायचे नाही, आणि बोटीवर मला स्नान मिळालेले नाही. लुगड्यासकट फोटो घेतला. काठाशेजारी पाणी दिसण्याचा संभव आहे. रचना कलात्मक.

१३ डिसेंबर.
चतुराबाईंना मागच्या खेपेस डोळे मिटल्याचा संशय आहे. आज पुंजारामांना जिन्याच्या दारापर्यंत बोलावून आणले. म्हणाल्या, आमचे मालक बी संगट येऊ द्या, म्हंजे मंग पुन्हा खर्चा न्हाई. जोडीचा फोटो झाला. ते लाजून पाठमोरे उभे राहिले.

१४ डिसेंबर.
शेवटचा फोटो. आज वर गेले! सर्व पायऱ्या चढले. समुद्र अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे आहे. ऊन चांगले, क्षितिज सरळ. डोळा कॅमेऱ्याला लावला, तोच एक अनोळखी गृहस्थ अगदी पुढ्यात येऊन टोपी नीट करू लागले व म्हणाले, काढा ताई, मी हलत नाही.
ते खरोखरच हलले नाहीत.

१६ डिसेंबर. मुंबई.
फोटो धुऊन आले. दादाने आठही पाहिले आणि विचारले, समुद्र कुठं आहे? मी चतुराबाईंच्या कानामागील पांढरा ठिपका दाखविला. फेसाळलेली लाट. दादाने भिंग लावून पाहिले. जिन्याच्या कठड्यावर वाळणारे पुंजारामांचे धोतर निघाले. दादा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.
डोळे पुसून म्हणाला, फोटो राहू देत. उद्या स्टेशनावर मी विचारीन, तेव्हा तू आपल्या तोंडाने एकदा सांग, मला इथं राहायचंय. तिथल्या तिथे बाबांना तार करतो. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही करणार.
एवढेच? हे तर फारच सोपे झाले. आठ फोटोंऐवजी एक वाक्य, आणि वाक्यांत मी कोणाला हार जाणारी नाही.

१७ डिसेंबर. मनमाड. सायंकाळी ५.
सकाळी बोरीबंदरला दादाने विचारले. दोनदा विचारले. 'मला इथे राहायचे आहे' हे फारच उघडेबोडके वाटले. प्रस्तावना हवी. आपण माझ्यावर जो विश्वास दाखविला, त्यास पात्र ठरण्याचा... येथवर आले होते. आत्या डब्यातून ओरडली, अगं चल की जल्दी, गाडी हालली! अर्ध्या वाक्यात वाद नको, म्हणून चढले. दादा खिडकीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत ऐकण्यासाठी कानामागे तळहात धरून चालत आला. मी हात हलविला.
येथे जालन्याची गाडी धरावयाची. अजून तास आहे. उत्तर आता पूर्ण झाले: तीन उपवाक्ये, भाषा स्वच्छ, एकही दोष नाही. आत्याला वाचून दाखविले.
आत्या म्हणाली, लई गोड लिहिलंस बाई. कोणाला सांगायचंय हे?