टाकी रिकामी असल्याच्या नोंदीबाबत

प्रति,
मा. शीतगृह तपासणी अधिकारी,
विभागीय शीतगृह तपासणी कार्यालय, सातारा.

अर्जदार : आदगोंडा नेमगोंडा मगदूम, मशीन ऑपरेटर, रा. पलूस, जि. सांगली.

विषय : मयत शालन आदगोंडा मगदूम हिच्याविषयी अहवालातील मजकूर दुरुस्त करून अर्जदाराचा जबाब नोंदविणेबाबत.

संदर्भ : नमुना सादर करण्याविषयी आपले पत्र, दि. ३ जून २०२४.

महोदय,

१. दि. ९ एप्रिल २०२४ रोजी दुपारी अर्जदार सांगलीहून चंदेरी रंगाचा डबा घेऊन शीतगृहाच्या फाटकाशी उतरला. वॉचमनने डबा त्याच्या हातातून काढून घेतला व म्हणाला, "आदगोंडा, आत जाऊ नगंस. वैनीस्नी दवाखान्यात न्हेलंय." दवाखान्यात कोणीच घाईत नव्हते. त्यावरून अर्जदारास कळले. अर्जदाराची पत्नी शालन त्याच शीतगृहात बेदाणा निवडण्याच्या कामाला होती.

२. रंग आपल्यासाठी आणायचा होता. आपण ११ तारखेला तपासणीस येणार म्हणून अमोनियाची जुनी टाकी रिकामी करून चकचकीत करण्याचा हुकूम सुपरवायझर दादासो यांनी दिला. एरवी आतला माल, म्हणजे पातळ अमोनिया, दुसऱ्या टाकीत हळूहळू ओढून घेतात. त्याला दोन दिवस लागतात. तेवढे दिवस नव्हते. ९ तारखेला सकाळी अर्जदाराने झडप पुरती उघडून वायू पाइपाने पाण्याच्या हौदात सोडला. अर्ध्या तासात दाबाचा काटा शून्यावर आला. टाकीला बाहेरून कमरेइतका पांढरा बर्फ चढला. पाइप दिसायला बरा नाही म्हणून काढून ठेवला. झडप उघडीच राहिली.

३. बर्फही दिसायला बरा नव्हता. दादासो निवडणीच्या शेडमध्ये येऊन म्हणाले, "शालनकाकी, कॅन्टीनातनं कडकडीत पाणी घ्या आन् टाकीवरचा त्यो बरफ काढा. साहेबास्नी काय बरफाचा गोळा द्यायचाय व्हय?" शालन म्हणाली, "द्या की! लाल रंग तेवढा लय घाला." बायका हसल्या. बादली घेऊन ती मशीनखोलीच्या दारात आली व अर्जदारास म्हणाली, "आवं, रिकामी हाय न्हवं ही?" अर्जदार एसटी गाठण्याच्या घाईत होता. त्याने काट्याकडे बोट केले व म्हणाला, "शून्य दिसतंय न्हवं? वत बिनघोर." हे शब्द अर्जदाराचे आहेत. आपल्या अहवालात ते नाहीत.

४. अर्जदार सातवी शिकलेला आहे. काय घडले ते त्यास मागाहून शीतगृहाचे मेकॅनिक इलाही यांनी समजावले. दाब एकदम सोडला की आतला पातळ माल उसळून उकळतो. उकळता उकळता तो स्वतःच इतका गार पडतो की उकळणे थांबते. काटा शून्य दाखवतो, पण माल तळाशी शिल्लकच असतो. बाहेर बर्फ जिथवर चढला, आत माल तिथवर असतो. त्यावर कडकडीत पाणी पडले की तो पुन्हा उसळतो आणि उघड्या झडपेतून बाहेर येतो. शालनने तीन बादल्या ओतल्या. इलाही यांस हे आधीपासून ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही. अर्जदारानेही नाही.

५. अर्जदाराने आणलेल्या डब्यातूनच टाकी रंगवली गेली. ११ तारखेला आपण येऊन लिहिलेत : "टाकी स्वच्छ. रंगकाम समाधानकारक." खाली लिहिलेत : "दाब शून्य असल्याने टाकी रिकामी होती. सदर महिला घरगुती वापरासाठी बर्फ खरवडण्यास स्वतःहून गेली व घाबरून हृदयक्रिया बंद पडून मयत झाली." अर्जदाराच्या घरी फ्रीज आहे. शवविच्छेदनात घसा व फुफ्फुसे भाजल्याचे लिहिले आहे. घाबरून फुफ्फुस भाजत नाही.

६. टाकीत माल शिल्लक होता असा दावा असल्यास त्याचा नमुना सीलबंद बाटलीत सादर करावा, असे आपल्या पत्रात आहे. नमुना शालनच्या छातीत गेला. तिचे दहन १० एप्रिलला झाले. सबब बाटली सादर करता येत नाही.

७. अर्जदार आपल्या कार्यालयात तीन वेळा येऊन गेला. लिपिक म्हणाले, "आवं मगदूम, तुमचा जबाब घेतला तर तुमीच गुतताय की. बाई आपल्या मनानं गेली म्हटलं म्हंजी कुणालाच तरास न्हाई." अर्जदारास गुंतायचे आहे. दादासोंनी हुकूम दिला, अर्जदाराने टाकी रिकामी असल्याचे सांगितले आणि शालन विचारून कामाला लागली, एवढे अहवालात यावे. त्यापायी अर्जदारास जी शिक्षा होईल ती व्हावी. भरपाईची मागणी नाही.

बोलावाल त्या दिवशी जबाब देण्यास हजर राहणारा,
आपला नम्र,
(सही)
आदगोंडा नेमगोंडा मगदूम
पलूस, दि. १८ जून २०२४

सोबत :
१. शवविच्छेदन अहवालाची प्रत.
२. रंगाच्या दुकानाची पावती, दि. ९ एप्रिल.
३. अर्जदाराचा जबाब : अद्याप कोणी घेतलेला नाही, म्हणून जोडलेला नाही.