हळदीकुंकवात राजा

रविवार, १८ जानेवारी १९५३. अंबरनाथ
दुपारी चार वाजून दहा मिनिटं. वाचनालयाच्या हॉलला कुलूप! फ्रेंच राज्यक्रांतीवरचं माझं भाषण ऐकायला आलेल्या बायका उन्हात उभ्या, आणि कार्यवाह दिनानाथ पोतनीस किल्ली खिशात घालून पायरीवर. म्हणे, हॉल तुम्हाला संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी दिला होता, भाषणासाठी नाही.
"हळदीकुंकवात फ्रान्सच्या राजाचं डोकं कशाला आणता, बाई?"
डोकं फार नंतर उडालं, म्हटलं. त्याआधी कित्येक वर्षं लोक दिवाणखान्यांत बसून एवढंच विचारत होते - याला आमच्यावर राज्य करायला सांगितलं कोणी? मी तेवढंच शिकवते.
"आणि हळदीकुंकू तुम्ही करणार?" माझ्या कपाळाकडे बघत म्हणाले.
नवरा जाऊन वीस वर्षं झाली. तरी झोंबलं.

सोमवार, १९
खरं कारण माझ्या भाषणांना येणाऱ्या बकुळाकडून कळलं. मागच्या भाषणानंतर तिने घरी नवऱ्याला विचारलं - वर्गणी आम्हीही भरतो, मग समिती निवडताना आम्हाला मत का नाही? नवरा समितीवर! आता म्हणतो, तुझं वाचनालय बंद.
शाळेत नन्सनी मला मान खाली घालायला शिकवलं. पुढे शाळेत नोकरी करून निवृत्त झाले, पण तो धडा काही पाठ झाला नाही.

मंगळवार, २०
अर्ज लिहिला. २६ तारखेच्या वार्षिक सभेत बायकांना मत हवं. शुक्रवारी पाचपर्यंत लेखी उत्तर द्या! आगपेटीच्या कारखान्यातल्या फोरमनची बायको पुतळाबाई म्हणाली, आधी सगळ्यांना वाचून दाखवू. कशाला? त्यांना मसुद्यातलं काय कळतंय! 'समस्त स्त्री-सभासदांच्या वतीने' म्हणून सही ठोकली आणि पोतनीसांच्या हातात दिला.

गुरुवार, २२
उत्तर नाही. पोतनीस बाजारात दिसले. नमस्कारही नाही - नुसते हसले. सभेत अर्ज फेटाळला तर बकुळा परत घरात कोंडली जाणार. 

शुक्रवार, २३
पुतळाबाई आली. काल बायका बकुळाकडे जमल्या होत्या. मला बोलावणं नव्हतं! माझा अर्ज त्यांनी मागे घेतला, स्वतःचा लिहिला, खाली एकेकीची सही. बकुळाची पहिली.
"रागावू नका, बाई. आमच्या वतीने सही करायला आम्ही तुम्हाला निवडलं कधी?"
शेवटची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलीय. सही करणार की नाही, ते उद्या दुपारी बारापर्यंत लेखी कळवायचं - मी, त्यांना.