गीताचा नंबर

अर्पिताच्या पप्पांना, मस्कतहून दैवशालाचा प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे. मालकीण स्वभावानं चांगली आहे, तिच्या आजारी सासूची सेवा बराबर चालू आहे. तुमचं बीपी कसं आहे?

सव्वीस जानेवारीचं कळलं. ‘प्रामाणिक नागरिक’ हा निबंध पप्पांनी लिहून दिला, असं सांगून पोरीनं साऱ्या हसनाबादसमोर बक्षीस परत केलं. तुमची मान खाली गेली असेल, पण तिला रागावू नका. संडेस्कूलला आपणच धाडलं ना तिला? शाळेत कुणी चिडवतं का? जेवते का नीट?

एक गोष्ट फोनवर बोलता येत न्हाई, अर्पिता तुमच्या शेजारीच बसलेली असते. इथली उपासना शुक्रवारी असते. दर शुक्रवारी ती विचारते, “मम्मी, आज चर्चमध्ये कोणतं गीत घेतलं?” मी गीताच्या पुस्तकातला नंबर सांगते, अन् तुम्ही दोघं संध्याकाळच्या प्रार्थनेत तेच गाता.

चार महिने झाले, मला चर्चला जायला सुट्टीच न्हाई. नंबर मी मनानंच सांगून राह्यले. तुम्हाला घोर नको म्हणून सुरू केलं होतं.

आता शुक्रवार आला की फोन लावायला नको वाटतं. हे पत्र तुम्ही वाचा, मंग तिच्या हातात द्या. माझ्यावर रागावली तर रागावू द्या. या आठवड्याचं गीत तिलाच निवडू द्या.

तुमची,
दैवशाला