निफाडपर्यंत पाण्यानं

८ मार्च १९८१
प्रकाश भाऊजी आणि मंगल येऊन गेले. मटण केलं होतं, पण धड कुणी जेवलं नाही. शेवटी भाऊजींनी विषय काढलाच. "वहिनी, उजूला या उन्हाळ्यात घेऊन जावं म्हणतोय. कारखान्याची क्वार्टर मिळालीय, शाळा समोरच." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सुपारी कातरत राहिले. धाकट्या भावाला नाही म्हणणं ह्यांना जन्मात जमलेलं नाही.

उजू मंगलच्या पोटची. जुळी झाली तेव्हा मंगल मरता मरता वाचली. मुलगा विजू तिच्याजवळ राहिला, मुलगी माझ्याकडे आली. मला मूल नव्हतं, सगळ्यांना सोयीचं वाटलं. "मंगल उभी राहीपर्यंत" असं ठरलं होतं. मंगल केव्हाच उभी राहिली. तेव्हा कुणी मागितली नाही, मी कशाला आठवण करून देऊ? आता दहा वर्षांची झाल्यावर

पुढचं लिहवत नाही.

९ मार्च
शाळेत खडूच्या खोलीत जाऊन रडले. मोठ्या बाईंना वाटलं डोकं दुखतंय. त्यांनी कपाळाला बाम चोळला, त्यानं आणखी पाणी आलं.

१५ मार्च
आज सांगितलं उजूला. मी सांगितलं, हे बाहेर सायकल पुसत बसले होते.

तिला सगळं ठाऊक आहेच, गल्लीनं कधीच सांगून ठेवलंय. मला आई म्हणते, मंगलला काकू. शाळेत मिरवते, मला दोन आया आहेत म्हणून. ऐकून घेतलं शांतपणे. मग म्हणाली, "कायमची?" मी म्हटलं, सुट्टीत येशील ना. म्हणजे हो, कायमची. मान हलवली आणि भूगोलाचं पुस्तक काढून बसली.

जेवताना एकदम: "मग जायच्या आधी आपण एकदा कुठेतरी जाऊ या ना. आपण तिघंच. आपण कधी कुठे गेलोच नाही."

खरं आहे. लग्नाला वीस वर्षं होत आली, आमचा प्रवास म्हणजे लग्नं, मयतं आणि एकदा नागपूर. सहल म्हणून कधी घराला कुलूप लावलं नाही. हे म्हणाले, सांग कुठे. तिनं पुस्तकाचं कव्हर दाखवलं. रद्दीतल्या विलायती मासिकाचं गुळगुळीत पान. त्यात एक लांबलचक अरुंद होडी, एवढ्याशा कालव्यात. टपावर फुलांच्या कुंड्या, खिडकीत किटली, पुढे आई-बाप आणि मुलगी. "असं," म्हणाली.

ह्यांनी चष्मा लावून बघितलं. बराच वेळ.

२२ मार्च
हे चहा पिता पिता म्हणाले, "कालवा आपल्याकडेही आहे की."

मखमलाबादकडून डावा कालवा जातो तो थेट निफाडच्या बाजूला. भाऊजींच्या क्वार्टरच्या मागूनच. "तिला एसटीनं पोचवायची नाही. पाण्यानं जाऊ."

मी म्हटलं, वेड लागलंय तुम्हाला. कालव्यात कुणी होड्या चालवतं का? मध्ये गेट आहेत. "गेट आलं की उचलायची, पलीकडे ठेवायची." होडी कुठाय? "बनवू." टूल रूममधला माणूस, ह्यांना सगळं बनवता येतं असंच वाटतं.

भांडी घासताना लक्षात आलं. एसटीनं दीड तास लागतो. होडीनं दोन दिवस, नीट रमतगमत गेलं तर तीन. म्हणून होडी. हात तसेच राखेत ठेवून उभी राहिले. किती हुशार आहे हा माणूस, आणि किती मूर्ख.

५ एप्रिल
रविवार. कालवा कोरडा आहे. हे आणि उजू बांबू घेऊन कालव्याच्या तळातून चालत गेले, पुलांची मापं घ्यायला. दुपारी आले ते धुळीनं माखून, दोघांचे पाय पोळलेले. उजू नुसती उधळलेली. "आई, पुलाखालून आम्ही ताठ उभे चाललो! बाबांचं डोकंसुद्धा लागलं नाही!"

तिकडे पाटकरी भेटले, कालव्याचं पाणी सोडणारे-वाटणारे कचरू नाना. म्हणाले, उन्हाळ्याचं पाणी, म्हणजे आवर्तन, बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला सुटंल. होडीचं ऐकून पोट धरून हसले म्हणे. मग म्हणाले, "वरच्या सायबाला नका सांगू. मी काय बघितलं नाय."

१५ एप्रिल
कालच्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत नाचून उजूचा आवाज बसलाय. तरी सकाळी सातला सातपूरला हजर, ह्यांच्या सायकलवर पुढे बसून. सातपूरला रहीमभाईंचं शेड आहे, वाकलेल्या पत्र्यापासून काहीही करून देतात. ह्यांचे जुने मित्र. मीही गेले संध्याकाळी.

होडी खरंच होडीसारखी दिसते! अरुंद, लांब, पुढे निमुळती. सांध्यांना डांबर. उन्हासाठी वर पत्र्याचं छप्पर, उजूला आत उभं राहता येईल एवढं उंच. रहीमभाई म्हणाले, "भाभी, मैंने बोला छप्पर को बोल्ट लगाओ. नहीं माने. पूरा वेल्डिंग."

मला नवल वाटलं. आमच्या घरात पलंग बोल्टचा, झोपाळा बोल्टचा, मोरीवरचं फळकुटसुद्धा बोल्टचं. "उद्या काढायचं झालं तर?" हे ह्यांचं पेटंट वाक्य. विचारलं तर म्हणाले, वाऱ्यानं हलेल.

रंग उजूनं ठरवला. हिरवा. टपावर मोगऱ्याची कुंडी पाहिजेच, चित्रात आहे.

२९ एप्रिल
मंगल एकटीच आली, एसटीनं. उजूच्या फ्रॉकचं माप घ्यायला. मी तोंडदेखलं बोलत होते. कशाला खोटं लिहू, मला ती उंबऱ्यात दिसली तरी अंगाचा तिळपापड होत होता. उजू नेमकी सातपूरला.

चहा दिला तर घेईना. "ताई, तुमी मला शिव्या देत असाल. द्या. पण दहा वर्सं झाली, पोरगी मला काकू म्हणती. इजूला कडंवर घेतलं की दुसरी कड रिकामी वाटायची मला. कुनाला सांगनार? तुमच्या भाऊजींना सांगितलं तर म्हनायचे, दिलेलं मागू नये."

चहा गार झाला होता, तो परत तापवून दिला. जाताना तिनं दोरीवरचा उजूचा फ्रॉक हातात धरला नुसता, आणि सोडला. राग करायला सोपी बाई असती तर बरं झालं असतं.

१० मे
होडी टेम्पोनं घरी आणलीय. अंगणात विटांवर ठेवलीय. गल्ली लोटली बघायला.

उजू रोज संध्याकाळी त्यातच बसते. आज आम्ही तिघं त्यातच जेवलो. भाकरी, ठेचा, कांदा. हे मागे बसून हवेत बांबू मारत होते. उजू ओरडत होती, "आलं आडगाव! उतरा!" शेजारची पोरं तिकीट मागत होती. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. हसता हसताच आठवलं, आणि ठसक्याचं निमित्त करून पदर तोंडाला लावला.

सामान: स्टोव्ह, तांदळाचा डबा, चिवडा, सतरंजी, भूगोलाचं पुस्तक. उजूची ट्रंक वेगळी. ती मी अजून भरलेली नाही.

१८ मे
बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो, पांढरी साडी, खीर. वंदना म्हणताना उजूचा आवाज माझ्या आवाजाच्या वर जात होता. आमच्यात नवस नसतो. असता तर आज बोलले असते, कालव्याला यंदा पाणीच नको म्हणून.

घरी येतोय तर दारात नाना. "बाई, पाणी सुटलं."

ट्रंक भरली.

२१ मे
आज निघालो. सगळं लिहायला हवं, उजू मोठी झाल्यावर वाचेल.

सकाळी टेम्पोनं होडी कालव्यावर. रहीमभाई, त्यांचे दोन कामगार, नाना. पाण्यात सोडली आणि तरंगली! उजूनं टाळ्या पिटल्या. मोगऱ्याची कुंडी टपावर. मी आत बसले, पाणी पत्र्याला थापट्या मारत होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, बायका काम सोडून बघत होत्या. नाना आणि रहीमभाई काठानं बरोबर चालत होते. हे मागे बांबू घेऊन उभे, डोक्याला रुमाल. इतके देखणे लग्नातही दिसले नव्हते. मला वाटलं, हे असंच चालू राहू दे, पुढे काहीच नको.

पुढे पूल आला. पहिलाच.

छपराची कड पुलाला धडकली, कुंडी पाण्यात. होडी तिथेच अडकून आडवी व्हायला लागली, नानांनी दोर धरून काठाला ओढली. म्हणाले, "दादा, तुमी मोजलं तवा कालवा सुका व्हता. आता भरून चाललाय ना! पानी खालून वर येतं, पूल काय वर जात नाय."

रहीमभाईंनी डोक्याला हात लावला. "इनसे? एक सूत की गलती नहीं देखी मैंने बीस साल में."

बोल्ट असते तर छप्पर पाच मिनिटांत निघालं असतं.

उजू आधी रडकुंडीला आली. मग पुलाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "मग आपण इथेच राहू या," म्हणाली.

बाभळीला दोर बांधला. इथून घर चालत अर्ध्या तासावर आहे. कुणीही घरी चला म्हटलं नाही.

२२ मे
कालव्यात पाय सोडून बसलो तिघं. उजूनं भूगोल वाचून दाखवला. हे चालत गेले, भाऊजींच्या कारखान्यात फोन करून निरोप ठेवायला आणि छप्पर कापायला हॅकसॉ आणायला. दुपारी आले ते टरबूज घेऊन.

"हॅकसॉ?"

"विसरलो."

टरबूज लालभडक निघालं. उजू बिया पाण्यात थुंकत होती, निफाडला पोचतील म्हणाली.

२३ मे
सकाळी भाताला तांदूळ काढले. डब्यामागे गोणपाटात काहीतरी कडक लागलं. उलगडून बघितलं. हॅकसॉ. नवी पाती लावलेली. घरून निघतानाच आणलेली असणार.

म्हणजे मापाची चूक झाली की केली? विचारणार नाही. उत्तर काहीही असलं तरी मला ते सहन होणार नाही. गोणपाट जसंच्या तसं गुंडाळून ठेवलं. मीही कुठली साधी!

हे दिवसभर गुणगुणत होते. उजूला पोहायला शिकवलं, कमरेला दोर बांधून. नाना येऊन गेले. आवर्तन अजून थोडे दिवस चालेल म्हणे, मग गेट बंद. मग होडी चिखलात बसेल. भाऊजींचा काही निरोप नाही.

२४ मे
सकाळी केस विंचरत होते उजूचे. वेणी घालताना ती समोर पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, काकू वाट बघत असेल ना?"

मी म्हटलं, असेल.

"फ्रॉक शिवून बसली असेल."

वेणी घालून झाली. परत सोडली, परत घातली. मग उठले. डब्यामागून गोणपाट काढलं आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं. हे माझ्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत ह्यांनी असं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "तिकडे तिची पण आई बसलीय हो."

आता हे छप्पर कापतायत. चार पाय आहेत. उजूनं वरून पत्रा धरलाय, पात्याचा आवाज पुलाखाली घुमतोय. एक कापून झाला. घाम पुसायला थांबले तेव्हा चेहरा रुमालात बराच वेळ धरला.

मी म्हटलं, आधी चहा घ्या, मग कापा. स्टोव्ह पेटवला. तर उजू म्हणते, "आई, दूध नाहीये."

नाना आले होते, ते म्हणाले, मी आणतो गावातून. गाव लांब आहे, आणि नाना पायी गेलेत.

हे म्हणाले, "दूध येईपर्यंत थांबू या मग."

थांबलोय.