खांबानं काढलेलं गाणं

प्रिय ठमाबाई,

पाकिटावर बापाचं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधीच सांगून टाकतो, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. मी रोज दुकान उघडतो. लग्नाच्या शूटिंगला आता कुणी बोलवत नाही, घरोघरी भाचेपुतणेच फोन घेऊन उभे असतात. माझ्याकडे येतात ती पासपोर्टच्या फोटोवाली माणसं, आणि कधीतरी एखादे आजोबा जुनी कॅसेट घेऊन येतात आणि डिस्कवर करून मागतात. उरलेला वेळ मी तुझ्या आईची नोकरी करतो. ही नोकरी काय ते सविस्तर सांगतो, कारण फोनवर तुला कधी पुरतं सांगितलंच नाही.

तुझे गाण्याचे कार्यक्रम आई आधी माझ्या फोनवर बघायची. तू त्यात मुंगीएवढी. ती चष्मा कपाळावर ढकलून फोन नाकाला लावायची आणि मग डोकं दुखतं म्हणून माझ्यावर चिडायची. एके दिवशी तिनं फर्मान काढलं की मुलगी टीव्हीवर दिसली पाहिजे. आपल्या टीव्हीचं आणि इंटरनेटचं जमत नाही, पण त्याच्याखाली डीव्हीडी प्लेअर अजून ठणठणीत आहे, आणि दुकानात कोऱ्या डिस्कची अख्खी चळत पडून होती. झालं, तेव्हापासून तुझे फॅन जे काही नेटवर टाकतात ते मी उतरवून घेतो, जोडतो आणि आईसाठी डिस्कवर राइट करतो. तुझ्या सोबतच्या मंडळींनी काढलेला तो झकपक व्हिडिओही करून दिला होता. तो तिनं एकदाच पाहिला. त्यात तू पाहुण्यासारखी वाटतेस म्हणाली. तिला फॅननी काढलेलंच लागतं. त्यात पुढच्या माणसाचं डोकं येतं, कुणाच्या पायावर कुणाचा पाय पडतो, आणि आपणही गर्दीत तिकीट काढून उभे आहोत असं तिला वाटतं.

पहिल्या डिस्कची फजिती तर ऐक. आईनं शेजारच्या मावशींना बोलावलं होतं, ठेवणीतले कपडे घातले होते, चहा झाला होता. मी ऐटीत डिस्क घातली आणि पडद्यावर नुसतं निळं. मावशी सभ्य बाई, त्या बराच वेळ त्या निळ्याकडेच कौतुकानं बघत राहिल्या. चूक माझ्या धंद्याची होती. लग्नाची डिस्क आम्ही लगेच बंद करत नसू, म्हणजे तीत पुढे भर घालायची सोय ठेवायचो, कारण दुसऱ्या दिवशी वरपक्षाकडून कुणीतरी हमखास यायचं की आमचे मामा यात कुठेच नाहीत. मग मामा घालायचे आणि नंतर ती कायमची बंद करायची. हाताला तेच वळण. तुझीही डिस्क मी उघडीच ठेवली, आणि उघडी डिस्क आपला प्लेअर वाचत नाही. आई मला अजून ऐकवते की पोटच्या पोरीच्या कार्यक्रमात हे मामांची वाट बघत बसले.

आता तुझ्या फॅनविषयी. जन्मभर खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा राहिलेला माणूस मी, मला या पोरांचं शूटिंग बघून आधी रक्तदाब वाढायचा. गाणं रंगात आलं की यांचा हात नाचायला लागतो, आणि एका महाभागाला तर भररंगात आपलंच तोंड दाखवायची हौस. पण रोज तीच तीच माणसं बघून आता ओळख झाली आहे. त्यांची खरी नावं कोण विचारतो, आम्ही त्यांना घरचीच ठेवली आहेत. एकाला आम्ही ‘भूकंप’ म्हणतो, का ते सांगायला नकोच. एक ‘वकीलबाई’ आहे. ती दिसत नाही, पण गाणं चालू असताना मैत्रिणीला अखंड समजावत असते, आता ती डावीकडे जाईल, आता ती केस मागे टाकेल. आईला ती फार आवडते, कारण वकीलबाई तुझ्या बाजूनं भांडते. कुणी मागून म्हणालं की आज हिचं लक्ष नाही, तर वकीलबाई तिथल्या तिथे त्याचा निकाल लावते. आणि तिसरा ‘खांब’. तो नेहमी उजव्या बाजूला, पुढे, एकाच ठिकाणी उभा असतो. त्याचा हात हलत नाही, तो ओरडत नाही, गात नाही. सगळे फोन गर्दीकडे, दिव्यांकडे, ड्रमवाल्याकडे फिरतात, खांबाचा फोन तुझ्या चेहऱ्यावरून हलत नाही. खरं म्हणजे असा माणूस मला हवाच असायचा, पण आयुष्यभर मला असिस्टंट मिळाले ते भूकंपच.

तर मी काय करतो, एकाच गाण्याचे चार-पाच जणांचे तुकडे घेतो आणि जोडतो. याचा चेहरा, त्याचे दिवे, तिची गर्दी. लग्नात करायचो तसंच. जोडताना मधूनच तू आठवतेस, दुकानातल्या त्या स्टुलावर बसलेली, कानाला माझा हेडफोन. हेडफोन घातला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तू बेंबीच्या देठापासून गायचीस आणि बाहेर फोटोला बसलेलं गिऱ्हाईक दचकून डोळे मिटायचं. किती फोटो मी तुझ्यापायी पुन्हा काढले. आणि त्याच स्टुलावरून एकदा तू धाडकन पडलीस. मी पडद्याआडून पाहिलं. तू आधी आजूबाजूला बघितलंस, कुणी नाही अशी खात्री करून घेतलीस, उठून बसलीस आणि पुन्हा गायला लागलीस. घरी आल्यावर आईनं कोपर बघून विचारलं तर म्हणालीस, रंग लागलाय. तुझं हे असंच. दुखलं की आधी ते कुणी पाहिलं का ते बघायचं.

मागच्या आठवड्यात मी नवी डिस्क केली. या वेळी तुमच्या दौऱ्यातल्या तीन-चार ठिकाणची गाणी एकत्र घेतली होती. तुझं ते खिडकीचं गाणं आहे ना, शेवटी उंच जाणारं, ते मी खास सजवलं. त्या उंच ओळीला तू हल्ली माइक लोकांकडे वळवतेस. सगळं मैदान गातं. मी तिथे तुझ्यावरून कापून गर्दी लावली, भूकंपाची गर्दी, आवाज वाढवला, दिवे फिरताहेत, हजार माणसं गाताहेत. स्वतःच्याच कामावर खूश होऊन बसलो होतो. त्यातच वकीलबाईचं वाक्यही छान मिळालं होतं, बघ, किती जीव आहे तिचा आपल्यावर, आपल्यालाच गायला लावते. ते मी मुद्दाम ठेवलं. आईनं ते बघितलं आणि मला वाटलं आता डोळ्याला पदर लावणार. तर म्हणाली, मागे घ्या.

मागे घेतलं. पुन्हा मागे घेतलं. मग तिनं कपाटातून जुन्या डिस्क काढायला लावल्या. गेल्या वर्षी ती ओळ तू स्वतः गात होतीस, दर वेळी, डोळे मिटून. मग एका कार्यक्रमात अर्धी गायलीस आणि अर्धी लोकांना दिलीस. आता ती सगळीच लोकांची झाली आहे, आणि शिवाय आणखी दोन गाण्यांतही माइक खाली जातो, बरोबर जिथे सूर वर चढतो तिथेच. मी म्हटलं, अगं हल्ली सगळे मोठे गायक असंच करतात. तिनं फक्त विचारलं की त्या वेळी तुझा चेहरा कुणाच्या फोनमध्ये आहे. चेहरा अर्थातच खांबाच्या तुकड्यात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जे बघायला हवं होतं तेच मी कापून बाजूला ठेवलं होतं, कारण त्यात काही घडत नव्हतं, तू नुसती उभी होतीस.

मी तो तुकडा तसाच, न कापता, डिस्कवर केला आणि घरी आणला. त्यात तू माइक लोकांकडे धरतेस, हसतेस, आणि दिवे तुझ्यावरून गेल्यावर हसू थांबतं. तोंड मिटलेलं. दुसरा हात गळ्याशी. एकदा गिळतेस, पुन्हा गिळतेस, लहानपणी कडू औषध घेतल्यावर करायचीस तसं तोंड होतं. मग दिवे परत येतात आणि तू हसतेस. तुझ्या आईनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य लोकांचे आवाज ऐकण्यात घालवलं आहे, पण या वेळी तिला ऐकायला तुझा आवाजच नव्हता. ती पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, “अहो, ती गात नाहीये. ती लोकांकडून गाऊन घेतेय.”

मी घाबरलो, ठमे. खोटं कशाला सांगू. मग एकेक आठवायला लागलं, तू फोन न करता मेसेज पाठवतेस, फोन आलाच तर रेंज नाही म्हणून दोन वाक्यांत ठेवतेस, आणि त्या दोन वाक्यांत तुझा आवाज झाकण दाबलेल्या किटलीसारखा घुसमटलेला असतो. आम्हाला वाटलं दगदग. तुला काय झालं आहे ते मला माहीत नाही. तू डॉक्टरकडे गेली आहेस की नाही, हेही माहीत नाही. तुझ्या सोबतच्या मंडळींना तू सांगितलं आहेस का, की त्यांच्यापाशीही कोपराला रंगच लागलाय? पुढे अजून अर्धा दौरा आहे, तिकिटं विकली गेली आहेत, इतक्या जणांचं पोट त्यावर आहे, हे सगळं मला कळतं. पण हाच गळा रेटत नेलास तर पुढे काय होईल याचा विचार मला करवत नाही. आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. मावशींनी नवी डिस्क मागितली तेव्हा प्लेअर बिघडलाय असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

एक गोष्ट मात्र तुला कळायलाच हवी. त्या तुकड्यात खांबाचा आवाज आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तुझा हात गळ्याशी जातो, तेव्हा फोनच्या अगदी जवळून एक जाडाभरडा आवाज पुटपुटतो, “असू दे गं, असू दे. आम्ही म्हणतो.” आणि मग तो गायला लागतो. इतकं बेसूर मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. पण पूर्ण ओळ म्हणतो, शेवटपर्यंत, आणि हात जरासुद्धा हलू देत नाही. म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळलेलं आहे, आणि त्यानं तुला टाकलेलं नाही. आई म्हणते, हा मुलगा लग्नाचा असेल तर पत्ता काढा. मी म्हटलं, आधी सूर तरी सुधारू दे.

तर आता पत्र का, ते सांगतो. तो तुकडा बघून झाला आणि मी तसाच फोन उचलला होता. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, फोन केलात तर ती ‘मी मस्त आहे’ म्हणेल, आणि एवढं म्हणायलासुद्धा तिला गळा ताणावा लागेल. लिहा. म्हणून लिहिलं. याचं उत्तर फोनवर द्यायचं नाही, आणि लिहूनही नको. दौरा थांबवता येत असेल तर थांबव, नसेल तर आधी डॉक्टर गाठ, पण घरी ये. बेल दाबलीस की आम्हाला कळेल. कशी आहेस, काय झालं, असं तुला कुणी विचारणार नाही, कारण विचारलं की बोलावं लागतं. डॉक्टरांनी चार दिवस सांगू देत नाहीतर चार महिने, तू या घरात एक अक्षरही बोलली नाहीस तरी चालेल. आवाज परत आला तर आनंद आहे, नाही आला तर आपण तिघं मिळून रडू, पण या वेळी तू एकटीनं उठून बसायचं नाहीस. तोवर बोलायचं सगळं काम आईनं स्वतःकडे घेतलं आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे आणि तिची बडबड आजपासूनच सुरू झाली आहे, तेव्हा लवकर ये, मी एकटा किती ऐकणार.

तुझाच,
बाबा